आर्टिफिसर घेतोयस? आधी हातांचा हिशेब कर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' (2020) या पुस्तकातला आर्टिफिसर, म्हणजे जादूने वस्तू भारणाऱ्या कारागिराचा क्लास (पात्राचा प्रकार), घेणार असशील तर इंटेलिजन्सला सगळ्यात मोठा आकडा दे, त्याखालोखाल कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला). पण नवखे अडकतात ते हातांपाशी. या क्लासच्या प्रत्येक स्पेलसाठी (जादूच्या मंत्रासाठी) हातात अवजार लागतं. एका हातात ढाल, दुसऱ्यात हातोडा धरलास की स्पेल टाकायला हातच उरत नाही. म्हणून पहिल्या लेव्हलला एक हात मोकळा ठेव. दुसऱ्या लेव्हलला इन्फ्युजन (साध्या वस्तूत जादू भरायच्या युक्त्या) मिळाली की ढालीवरच 'एन्हान्स्ड डिफेन्स' चढव: आर्मर क्लास (तुला वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) 1 ने वाढतो आणि तीच ढाल अवजाराच्या जागी चालते. फार सुंदर सोय आहे ही!

त्या लेव्हलला इन्फ्युजन 4 येतात, पण एका वेळी भारलेल्या वस्तू 2च. तिसरी भारलीस की सगळ्यात जुनी आपोआप विझते. मित्राची तलवार साधी झाल्याचं त्याला भर लढाईत कळायला नको. भारायचं काम लाँग रेस्ट (खेळातली मोठी विश्रांती) संपतानाच होतं, तेव्हा कोणाला काय द्यायचं ते आदल्या रात्रीच पार्टीशी ठरव.

इन्फ्युजनमधूनच होमन्क्युलस (तुझ्या दिमतीला राहणारा छोटा जादुई जीव) हवा असेल तर किमान 100 सोन्याच्या नाण्यांचं रत्न जवळ हवं. लढाईत तुझ्या पाळीला बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीखेरीजची जादा छोटी कृती) खर्चून हुकूम दिला नाहीस, तर अ‍ॅक्शन म्हणून तो नुसता डॉज करत (वार चुकवत) राहतो.