वाचकांचे प्रश्न : मौनात बसल्यावर करायचे काय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे मौन प्रार्थनेविषयी इतकी पत्रे आली की, विवाहनोंदणी आणि बाप्तिस्म्याचे दाखले यांविषयीचे नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे प्रघाताप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील रिट्रीटमध्ये, म्हणजे एकांतातील प्रार्थना शिबिरात, एका सिस्टरांनी आम्हाला रोज वीस मिनिटे काहीही न मागता, डोळे मिटून देवासमोर बसायला शिकवले. तेथे ते जमले. घरी मात्र बसले की गॅसवरचे दूध, मुलाची फी, नणंदेचे बोलणे असे सगळे डोक्यात येते आणि वीसपैकी अठरा मिनिटे त्यातच जातात. याला प्रार्थना म्हणायचे का? (वसईतील एक भगिनी)

उत्तर : म्हणायचे, आणि तेही संकोच न बाळगता. अविलाच्या संत तेरेजा यांना १९७० मध्ये पोप पॉल सहावे यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले, म्हणजे प्रार्थनेच्या बाबतीत त्यांचा शब्द आपल्या परंपरेत प्रमाण मानला जातो. त्याच तेरेजा आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवतात की, कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर त्यांचे लक्ष देवापेक्षा घड्याळाचा टोला कधी पडतो याकडेच अधिक असे. पुढे त्याच ग्रंथात त्यांनी बागेला पाणी देण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत : विहिरीतून पोहऱ्याने शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्याचे पाणी पाटाने वळवून आणणे आणि चौथी म्हणजे पाऊस. पहिल्या रीतीत सगळे कष्ट माळ्याचे असतात. चौथीत त्याला काहीच करावे लागत नाही, पण पाऊस केव्हा पडावा हेही त्याच्या हाती नसते.

तुम्ही वसईच्या आहात, त्यामुळे सोळाव्या शतकातील त्या स्पॅनिश संन्यासिनीचा रहाट तुम्हाला चित्र काढून दाखवण्याची गरज नाही. माझ्या आजोळच्या वाडीत मी लहानपणी तो पाहिला आहे. झापड बांधलेला रेडा संथपणे गोल फिरत असे, माळेतली गाडगी रिकामी होऊन खाली जात आणि भरून वर येत, आणि त्यांतली दोन-तीन तरी कायम फुटकी असत, म्हणून वर येईपर्यंत त्यांतले अर्धे पाणी पुन्हा विहिरीत सांडलेले असे. तरीही केळींना पाणी पोचत असे, आणि एखादे गाडगे फुटले म्हणून आजोबांनी रहाट थांबवल्याचे मला आठवत नाही.

तुमची वीस मिनिटे अजून शेंदण्याची आहेत, एवढेच. दूध आठवले की ते आठवल्याचे ध्यानात घ्यावे आणि स्वतःला न रागावता पुन्हा देवासमोर यावे. परतण्यासाठी ‘येशू’ किंवा ‘आब्बा’ (म्हणजे ‘बाबा’) असा एखादा लहान शब्द ठरवून ठेवावा आणि तो रोज बदलू नये. मन तीस वेळा भटकले असेल, तर तीस वेळा तुम्ही परतही आलात, आणि या प्रार्थनेत आपल्या वाट्याला आलेले काम ते तेवढेच आहे. दुधाबाबत मात्र एक वेगळी सूचना करतो : बसण्याआधी गॅस बंद करावा. हे मी थट्टेने लिहीत नाही. जी काळजी उठून मिटवता येते, तिच्याशी डोळे मिटून झगडण्यात भक्ती नसते.

नणंदेच्या बोलण्याची गोष्ट दुधासारखी नाही. तेच वाक्य रोज परत येत असेल, तर तेथे काहीतरी दुखते आहे, आणि ते प्रार्थनेच्या वेळी हुसकावून लावण्यापेक्षा प्रार्थना संपल्यावर त्याकडे सवडीने पाहिलेले बरे. प्रायश्चित्त संस्कारात (म्हणजे धर्मगुरूंजवळ पापकबुली देताना), एखाद्या जाणत्या मैत्रिणीजवळ, किंवा धीर झाला तर खुद्द नणंदेजवळच ते बोलावे.

प्रश्न : आमच्या मंडळीतील काही तरुण ‘मारानाथा’ हा शब्द मनात घोळवत अर्धा तास बसतात. मंडळीतील वडीलजनांचे म्हणणे असे की, हा हिंदू नामजपच आहे, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने निरर्थक बडबड करण्यास मनाई केली आहे. खरे काय समजावे? (अहिल्यानगरमधील एक वाचक)

उत्तर : वचनापासून सुरुवात करू. मत्तय ६:७ मध्ये प्रभू ज्यांना फटकारतो, त्यांची समजूत अशी आहे की, पुष्कळ बोलल्याने देवाला आपले ऐकावेच लागेल. दोष त्या समजुतीत आहे. पुन्हा तेच शब्द उच्चारणे हाच दोष असता, तर त्याच शुभवर्तमानाच्या २६ व्या अध्यायात, ४४ व्या वचनात, गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, हे वाक्य आपल्याला फार अडचणीचे गेले असते. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस वचने आहेत आणि देवाच्या सनातन दयेचे पालुपद सव्वीसही वेळा येते. ते म्हणताना मंडळीतील कोणीही वडील कंटाळून मध्येच थांबल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता उसनवारीचा प्रश्न. या ध्यानपद्धतीचा आपल्या काळातील प्रसार जॉन मेन या बेनेडिक्टीन संन्याशाने केला, आणि त्यांची हकीकत तुमच्या वडीलजनांना अर्धी अनुकूल तर अर्धी प्रतिकूल आहे. १९५०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत मलायात असताना त्यांना स्वामी सत्यानंद भेटले आणि एकच शब्द मनात धरून बसण्याची रीत ते त्यांच्याकडून शिकले. पुढे लंडनच्या ईलिंग मठात दाखल झाल्यावर त्यांना ती सोडून देण्यास सांगण्यात आले, आणि त्यांनी आज्ञापालन म्हणून ती सोडली. बऱ्याच वर्षांनी जॉन कॅशियन या प्राचीन लेखकाचे ग्रंथ वाचताना त्यांच्या लक्षात आले की, इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्वी चौथ्या शतकातच स्तोत्र ७० चे पहिले वचन, म्हणजे ‘देवा, माझ्या साहाय्याला धाव’ अशा आशयाची एक ओळ, उठताबसता मनात धरून राहत असत. ही ओळ कॅथोलिक दैनिक प्रार्थनाविधीच्या आरंभी आजही म्हटली जाते. १९७५ मध्ये मेन यांनी ईलिंगलाच ध्यानकेंद्र सुरू केले. स्वतःच्याच घराच्या माळ्यावर पडलेल्या पेटीची आठवण शेजाऱ्याने करून द्यावी, तसे हे झाले. शेजाऱ्याचे आभार मानावेत, पण पेटी आपली आहे हेही सांगावे.

आपल्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न जुना आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, अभंगांतून ख्रिस्ताची भक्ती गायिली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तुमच्याच जिल्ह्यात ज्यांचा इतका काळ गेला, त्या टिळकांची पदे उपासनेत गाणाऱ्या मंडळीने नामस्मरण या शब्दाला एवढे बिचकावे, याचे मला थोडे नवल वाटते. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली ‘साधना’ संस्था श्वासाकडे आणि शरीराच्या जाणिवांकडे लक्ष देऊन प्रार्थनेत उतरायला शिकवीत असे. डिमेलो यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही लिखाणाविषयी सावधगिरीची सूचना काढली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

कारण वडीलजनांच्या काळजीत एक खरा भाग आहे. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे तेरेजांच्याच सणाच्या दिवशी, व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र पाठवले. इतर धर्मांतील पद्धती केवळ परक्या म्हणून झिडकारू नयेत, असे त्यात म्हटले आहे. परंतु शरीराला लाभणारी शांतता आणि ऊब म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नये, असेही बजावले आहे. तुमची मंडळी प्रोटेस्टंट असल्यामुळे ते पत्र तुम्हाला बंधनकारक नाही, पण ही कसोटी उपयोगाची आहे. ‘मारानाथा’ हा अरामी शब्द करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी येतो आणि ‘आमच्या प्रभो, ये’ असा त्याचा अर्थ आहे. ती हाक आहे. तरुणांना एकदा प्रेमाने विचारावे की, अर्ध्या तासात ती हाक कोणाला मारली जात होती. रक्तदाब उतरला एवढेच उत्तर आले, तर ते चांगलेच आहे, पण त्यासाठी प्रभूला बोलावण्याची आवश्यकता नव्हती.

प्रश्न : जर्मनीत शिकत असताना मी आठवडाभर फ्रान्समधील तेझे येथे राहिले. पुण्याला परतल्यावर आमच्या चर्चमधील तरुणांसाठी महिन्यातून एकदा तशी प्रार्थना सुरू करावी असे वाटते. पाळक अनुकूल आहेत आणि आमचा वाद्यवृंद तयार आहे. सुरुवात कोठून करावी? (पुण्यातील एक विद्यार्थिनी)

उत्तर : वाद्यवृंदापासून करू नये. ज्या वाचकांना तेझे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : १९४० मध्ये रॉजर शुट्झ हा पंचविशीतला स्विस प्रोटेस्टंट तरुण बर्गंडी प्रांतातील त्या लहानशा गावी आला आणि युद्धामुळे परागंदा झालेल्यांना त्याने घरात आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी आजन्म व्रते घेतली. आज तेथे प्रोटेस्टंट आणि कॅथोलिक बंधू एकत्र राहतात, देणग्या घेत नाहीत आणि स्वतःच्या कामावर पोट भरतात. १६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी एका स्त्रीने केलेल्या हल्ल्यात ब्रदर रॉजर मृत्युमुखी पडले. त्यानंतरही दिवसातून तीनदा होणारी प्रार्थना चालू राहिली. नाना भाषांचे तरुण एकत्र गाऊ शकावेत म्हणून तेथील गाणी एकदोन ओळींची असतात आणि झाक बेर्तिए या संगीतकाराने त्यांतली पुष्कळ रचली. परंतु प्रत्येक प्रार्थनेच्या मध्यावर आठदहा मिनिटांचे मौन असते, आणि माझ्या मते बाकीचे सगळे त्या मौनापाशी पोचण्यासाठी आणि तेथून परतण्यासाठी आहे.

येथे मी केलेली चूक सांगतो. एका चर्चमध्ये अशीच प्रार्थना चालवताना मी दहा मिनिटांचे मौन जाहीर केले. तिसऱ्या मिनिटाला खोकले सुरू झाले, चौथ्याला कोणाचे तरी श्रवणयंत्र शिटी घालू लागले, आणि आमच्या कीबोर्डवाल्याला लोकांची दया येऊन त्याने हळूच सूर धरले. मीही त्याला थांबवले नाही. प्रार्थना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक आजी मला म्हणाल्या, “आत्ता कुठे तो पंखा ऐकू यायचा थांबला होता हो.”

तेव्हा एक क्रूस, थोड्या मेणबत्त्या, एक स्तोत्र, शुभवर्तमानातील पाचसहा ओळींचे वाचन, मौन आणि शेवटी मध्यस्थीच्या प्रार्थना, एवढे पुरे. बाके सरकवून सतरंज्या अंथराव्यात; जमिनीवर बसण्याची सवय युरोपियन तरुणांना तेझेला जाऊन करावी लागते, आपल्याला ती घरचीच आहे. सर्वांनी, पाळकांनीसुद्धा, क्रूसाकडे तोंड करून बसावे. मौन पहिल्या महिन्यात पाच मिनिटांचे ठेवले तरी चालेल, मात्र जाहीर केलेला वेळ कापू नये. प्रवचन नको. वाद्यवृंदातील एकाच गिटारवाल्याला बोलवावे आणि मौनात वाद्य खाली ठेवायला सांगावे. बाकीच्यांची नाराजी तुम्हालाच पत्करावी लागेल.

प्रश्न : अठरा वर्षे मी धर्मशिक्षण देत आहे. वर्षभरापासून प्रार्थना कोरडी वाटते. बायबल उघडले तरी शब्द आत जात नाहीत. माझा विश्वास उडाला का? (नाशिकमधील एक वाचक)

उत्तर : क्रूसभक्त संत योहान यांनी ‘काळोखी रात्र’ या ग्रंथात अशा कोरडेपणाची तीन लक्षणे सांगितली आहेत : देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही, पण दुसऱ्या कशातही ती लागत नाही, आपण देवाची सेवा नीट करत नाही या चिंतेने जीव पोखरतो, आणि पूर्वीसारखे कल्पनेच्या आधाराने मनन करणे जमत नाही. तिन्ही एकत्र असतील, तर देव तुम्हाला बोटाला धरून न्यायचे थांबवून चालायला लावतो आहे, असे ते म्हणतात. तुम्हाला हा प्रश्न छळतो, यातच दुसरे लक्षण दिसते. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचली, तर असा काळोख किती दीर्घ असू शकतो हे कळेल.

एक गोष्ट मात्र पत्रावरून ठरवता येत नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, वर्गातील मुलांवरही विनाकारण चिडचिड होत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात विश्वासाची कसर दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. दरम्यान शिकवणे थांबवू नये, प्रार्थनेचा वेळ वाढवू नये आणि कमीही करू नये.

प्रश्न : आम्ही पाच माणसे एका खोलीत राहतो. मौनासाठी जागा कोठून आणू? (डोंबिवलीतील एक भगिनी)

उत्तर : मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या आई सुझॅना यांना एकोणीस मुले झाली. त्यांना वेगळी खोली मिळाली नाही, तेव्हा त्या स्वयंपाकाचा एप्रन डोक्यावरून ओढून घेऊन बसत आणि तो डोक्यावर असेतो मुले जवळ येत नसत, असे सांगतात. तुमच्याकडे पदर किंवा ओढणी आहे. मुलांना आधी एकदा नीट समजावून सांगावे आणि पहिले पंधरा दिवस त्यांनी तो ओढला, तरी रागावू नये.