खरं सांगायचं, पण कधी?

प्रश्न : आजाऱ्याला वाईट निदान सांगावं का? इथे बौद्ध नीती आणि जर्मन तत्त्वज्ञ कांटचा कर्तव्याचा विचार एकच नाही का?

उत्तर : खोटं बोलू नये, इथपर्यंत एकच. कांटने तर १७९७च्या निबंधात खुन्याशीही खोटं बोलायला मनाई केली. पण मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातल्या अभयराजकुमार सुत्तात (उपदेशात) बुद्ध आणखी दोन गोष्टी पाहतात : बोलणं हिताचं आहे का आणि वेळ योग्य आहे का. म्हणजे थांबायला जागा आहे, खोट्याला नाही. ही वेळ ओळखणारी नजर सरावाने येते. इथे ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार, म्हणजे चांगला स्वभाव सवयीने घडतो हा विचार, मला जास्त जवळचा वाटतो.

घोळ होतो तो हेतूत. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे कृतीमागचा हेतू, हेच कर्म. आपली धास्ती लपवायला गप्प बसलो, तर ती करुणा नव्हे. आस्थेची नीती (एकमेकांच्या काळजीवर उभा असलेला नीतिविचार) नातं आणि गरज पाहते, म्हणून आजाऱ्यालाच आधी विचारा : ‘‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’’