पोलिसांनी फोन करून जबाबासाठी ठाण्यात बोलावलं, तर आईला घेऊन जावंच लागतं का?

शेजारच्या भांडणात तुमच्या आईला साक्षीदार म्हणून फोन आलाय आणि घरचे म्हणतायत, "मुकाट्याने जाऊन या, पोलिसांशी वाकडं नको." तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

आधी उत्तर. नाही, जावं लागत नाही. साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश द्यावा लागतो, आपल्याकडे ज्याला समजपत्र म्हणतात. आणि बाईमाणसाला तर तिच्या राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ वाचा. ६० वर्षांवरचे पुरुष, १५ वर्षांखालची मुलं, अपंग आणि तीव्र आजारी माणसं यांनाही हेच लागू आहे. जबाब हवा असेल तर पोलिसांनी घरी यायचं.

हे मला २०२१ साली माहीत नव्हतं आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी, अण्णांनी मोजली. खालच्या पार्किंगमध्ये दोन शेजाऱ्यांची मारामारी झाली, अण्णांनी ती गॅलरीतून पाहिली, एवढाच त्यांचा संबंध. वय तेव्हा ७० आणि मधुमेह. फोन आला, "काका, उद्या अकराला येऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे." मी कामानिमित्त बाहेरगावी होतो, म्हणून मामा सोबत गेले. अकरापासून साडेपाचपर्यंत दोघं बाकावर बसून. साहेब बंदोबस्ताला गेलेत, येतील. जेवणाची वेळ टळली तशी अण्णांची साखर उतरली, हात थरथरायला लागले. मामांनी समोरून बिस्किटाचा पुडा आणून दिला आणि म्हणाले, "जरा कळ काढा भावोजी, आता उठलो तर राग येईल त्यांना." शेवटी सांगितलं, उद्या या.

दुसऱ्या दिवशी जबाब झाला. अण्णांचा वाचायचा चष्मा घरी राहिला होता. हवालदारांनी लिहिलं, भराभर वाचून दाखवलं आणि "इथे सही करा" म्हणाले. अण्णांनी केली. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ होतं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १८१ आहे. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने न वाचता कागदावर सही केली, कारण शेजारी बसलेला आपलाच माणूस कानात सांगत होता, "करून टाका, सुटू एकदाचे."

आठवड्याने तिसरा फोन, पुरवणी जबाब हवाय. तेव्हा मी घरी होतो. एका वकील मित्राला विचारलं, त्याने त्याच जुन्या संहितेचं कलम १६० दाखवलं. तेव्हा पुरुषांसाठी मर्यादा ६५ होती, अण्णा तर त्याच्याही पुढे. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला: वडील जबाब द्यायला तयार आहेत, वय आणि आजारपणामुळे कलम १६० प्रमाणे तो घरी येऊन घ्यावा. सोबत वयाचा पुरावा. ठाणे अंमलदारांनी वाचला आणि विचारलं, "आम्हाला कायदा शिकवायला आलात का?" मी म्हटलं, "नाही साहेब, वडिलांचं वय सांगायला आलोय." पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. त्यांनी आत जाऊन विचारलं, बाहेर येऊन माझ्या प्रतीवर शिक्का मारला.

दोन दिवसांनी तेच हवालदार घरी आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून जबाब लिहिला, चहा घेतला. अण्णांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. एके ठिकाणी "काठीने मारले" असं होतं. अण्णा म्हणाले, काठी मी पाहिलीच नाही, मी ढकलाढकली पाहिली. हवालदारांनी दुरुस्त केलं, कुरकुर न करता. पहिल्या जबाबात काय लिहिलं होतं, ते आजही आम्हाला ठाऊक नाही.

मामांचं म्हणणं अजून तेच आहे: "नशीब, तो अधिकारी चांगला होता. ठाण्यात कायदा काढला की माणूस आत जातो." मला हे अजिबात मान्य नाही. अधिकारी दोन्ही वेळा तोच होता, बदलला होता तो फक्त आमच्या हातातला कागद. गोड बोलायला माझी ना नाही, मीही हात जोडूनच बोललो. पण गोड बोलून अण्णा साडेसहा तास बाकावर बसले आणि अर्ज दिल्यावर हवालदार घरी आले, हे मामांनी स्वतः पाहिलंय. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे ऐकवून म्हाताऱ्या माणसांना गप्प बसवणं मला पटत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आई स्वतःहून जायला तयार असेल तर जाऊ शकते, बंदी नाही. ही सगळी सवलत साक्षीदाराची आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर ती संशयितासाठी असते, तिथे हजर राहावंच लागतं. हजर राहून सहकार्य केलं, तर कारण नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. म्हणून फोन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून? आणि नाव, ठाणं, गुन्हा क्रमांक लिहून घ्या. व्हिडिओ कॉलवर "अटक" करणारा पोलीस नसतो, भामटा असतो, फोन ठेवा. सहीचं मी जे लिहिलं ते जबाबापुरतं. स्वतः दिलेल्या फिर्यादीवर सही करावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते.

तुमच्या बाबतीत आजच अर्ज लिहा. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. जबाबाला पोलीस घरी आले की आईशेजारी बसा. तिचा चष्मा आधी शोधून ठेवा.