भाईंविषयी बोलण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर मिळाला. तुझ्या आजोबांच्या, आपल्या भाईंच्या स्मरणार्थ वाचनालयात होणाऱ्या सभेत घरच्यांच्या वतीने तूच बोलावंस, हे मला मनापासून पटलं आहे. तुझ्या बाबांना आणि काकांना ते जड जाईल. शिवाय नातवंडांमध्ये भाईंचं बोट धरून सर्वांत जास्त बैठकांना गेलेली तूच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तू मजकुराचे दोन भाग केले आहेस. आधी कुटुंबवत्सल भाई, मग समाजसेवक भाई. पहिल्यात चवथीचा गणपती, त्याच्यावर रानफळं बांधून टांगलेली माटोळी, तुम्हा मुलांचे लाड. दुसऱ्यात पदं: वाचनालय, देवस्थान, नगरपालिका, पतसंस्था. पदांची यादी त्या दिवशी सूत्रसंचालक वाचणारच आहे, ती त्याच्यावर सोड. पण ही विभागणी मोड, कारण भाई असे विभागलेले नव्हतेच. डिचोलीत चारचौघांना जे सांगायचं, ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात केलेलं असे, आणि त्याची झळ घरानेच सोसलेली असे. तुझं बोलणं या एका गोष्टीवर उभं राहिलं, तर बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

वाटणीचंच घे. आपल्याकडे गोव्यात १८६७चा पोर्तुगीज दिवाणी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. आईबापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी सारखे, हे त्यातलंच तत्त्व. प्रत्यक्षात काय चालतं ते तुलाही ठाऊक आहे. लग्न झालेल्या बहिणीला नवऱ्यासकट बोलावतात, हक्क सोडल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतात, जेवायला वाढतात, साडी देतात आणि पाठवणी करतात. अशा कागदांवर साक्षीला भाईंना आवर्जून नेत. त्यांची सही असली की पुढे कोणी शंका काढत नसे. भाई जात, पण अट घालत: कागद आधी बहिणीला सोप्या मराठीत वाचून दाखवायचा, आणि वाचताना भावांनी बाहेर थांबायचं.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. बाई पन्नाशीच्या, सत्तरी तालुक्यातून आलेल्या. भाई एकेक सर्व्हे नंबर वाचत होते आणि त्या जमिनीला घरात ज्या नावाने ओळखत, ते नाव पुढे सांगत होते. बाई मान हलवत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "विहिरीकडचं भाट पण यात आलं?" भाई म्हणाले, "आलं." बाईंनी पेन टेबलावर ठेवलं, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आज नको." त्या दिवशी सही झाली नाही. त्या घरातल्या भावांनी भाईंशी बोलणं टाकलं. पुढच्या चवथीला ते आरतीलाही आले नाहीत. भाईंना त्याचं वाईट वाटलं होतं, हे मी पाहिलंय. तरी अट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

हे ते दुसऱ्याला सांगू शकत होते, कारण तुमच्या घरातली वाटणी त्याआधीच झाली होती. बहिणींनी मागितलेलं नसताना त्यांनी त्यांचे वाटे मोजून दिले. रस्त्यालगतची पोफळीची बाग तेव्हाच गेली, आणि त्या बागेवरच तर घर चालत होतं. त्या वर्षी तुझ्या आजीच्या मनात काय चाललं होतं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. तू विचार. ती बरं बोलेल की रागाने बोलेल, मला माहीत नाही. जे बोलेल ते तिच्या शब्दांत उतरवून घे आणि तिची परवानगी असेल तेवढं सभेत सांग. ती वाटणी जितकी भाईंची, तितकीच तिचीही.

मुंडकारांचंही, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुटुंबांचंही तसंच. १९७५चा मुंडकार कायदा आल्यावर अनेक भाटकार, म्हणजे त्या बागायतींचे मालक, वकील शोधत फिरत होते. भाई आपल्याच भाटातल्या मुंडकारांना घेऊन मामलेदार कचेरीत गेले आणि नोंदी करून आले. यावर दोन वाक्यं पुरेत. ती कुटुंबं सभेला समोरच बसलेली असतील.

खाणींचा काळ मात्र घाईने उरकू नकोस. २०१२च्या सप्टेंबरमध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मग २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. तुमच्या पिढीला हे बातम्यांपुरतं ठाऊक आहे. आपल्या तालुक्यात त्याचा अर्थ होता अंगणात उभा असलेला खनिज वाहणारा ट्रक, त्यावर वाढणारं गवत आणि बँकेचा हप्ता. संध्याकाळ झाली की तुमच्या सोप्यावर ट्रकवाले येऊन बसत. बँकेची पत्रं भाई वाचून दाखवत, उत्तरं लिहून देत, पाठपुराव्याला सोबत जात. प्रत्येकाचं नाव, कर्ज आणि बँकेने काय सांगितलं, हे शाळेच्या दोनशे पानी वहीत आखून लिहिलेलं असे. ती वही तुमच्या कपाटात असेल. शोध, पण सभेत तिच्यातलं एकही नाव वाचू नकोस. लोकांनी आपली नड त्यांच्याकडे विश्वासाने ठेवली होती. वहीत समासात त्यांनी कधीकधी घरचंही टिपलं आहे: कुणाची परीक्षा, कुणाला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचंय, आजीच्या डोळ्यांचे थेंब संपलेत. ते खुशाल वाच. त्या पानावर घर आणि गाव शेजारी शेजारी दिसतात.

आता जरा अवघड भाग. १९६७च्या जनमत कौलाचा तू उल्लेखच टाळला आहेस. का, ते मी समजू शकतो. पण सभेतल्या प्रत्येक वृद्ध माणसाला ठाऊक आहे की भाई फुलाच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने घरोघरी फिरले होते. आपल्या भागात कल तसाच होता. १६ जानेवारीला मतदान झालं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूला, १,७२,१९१. विलीनीकरण हरलं. भाईंना ते फार लागलं. पण ज्यांनी दोन पानांसाठी काम केलं, त्यांतले दोघे पुढे वाचनालयाच्या कार्यकारिणीत त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसले, आणि राजभाषा कोंकणी की मराठी या चळवळीत १९८६-८७ साली गावागावांत माणसं तुटत होती तेव्हाही वाचनालयात मराठीबरोबर कोंकणी पुस्तकं येतच राहिली. ती यावीत म्हणून भाईच भांडले होते. मराठीवरचं त्यांचं प्रेम अणुमात्र कमी न होता. मतभेद झाकलेस तर हा मोठेपणा सांगायला जागाच उरणार नाही. पक्षाचं नाव घ्यायची गरज नाही. भाई कुठल्या बाजूला होते, ते सरळ सांग.

माटोळीचा परिच्छेद मला फार आवडला. बाजारातून कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंगण आणणं हे काम भाईंनी कधी कोणावर टाकलं नाही, सुपारीचा कातरा स्वतः निवडला, हे तू सुंदर लिहिलं आहेस. एक गोष्ट त्यात घाल, जी तू लहान असल्यामुळे तुला दिसली नसेल. माटोळीच्या बाजारात भाईंना चार तास लागत, कारण रानातून फळं घेऊन आलेल्या प्रत्येक बाईशी ते थांबून बोलत. कुणाच्या मुलाचं शिक्षण सुटलंय, कुणाच्या घरी नळ आलेला नाही, हे त्यांना तिथे कळे. तुम्ही घरी माटोळी बांधायला खोळंबलेले असायचात आणि आजी दारात येरझाऱ्या घालत असायची. तो खोळंबाही सांग. भाईंच्या घरच्या माणसांनी किती वाट पाहिली, हे घरातल्याच कुणीतरी मोठ्याने बोलायला हवं.

‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘अजातशत्रू’ हे शब्द काढून टाक. शेवटचा तर खराही नाही, वर सांगितलंच. सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त बोलू नकोस. तुझ्या आधी नगरसेवक आणि देवस्थानचे अध्यक्ष बोलतील, लोक दमलेले असतील. आवाज दाटला तर थांब, पाणी पी, पुन्हा सुरू कर. सभागृह तुझंच आहे, कोणी घाई करणार नाही.

येत्या रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. आजीशी बोलून झालं असेल तर तेवढंच टिपण घेऊन ये, बाकी मजकुराकडे नंतर पाहू. आणि आत्याआजींना फोन करायला विसरू नकोस. वाटणीचे कागद कोणत्या वर्षी झाले, ते त्यांना नक्की आठवत असेल. सभेत ते साल अचूक यायला हवं.

तुझा,
सर