शहाऐंशीवा प्रश्न

पत्र: ताई, मी मूळची साताऱ्याची. बी.एस्सी. नर्सिंग करून पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. अमेरिकेच्या लायसन्ससाठी मुंबईच्या सेंटरवर एनक्लेक्स ही परीक्षा दिली आणि नापास झाले. पहिल्या ८५ प्रश्नांना दोन तास पन्नास मिनिटं गेली. प्रश्न अवघड होत चालले होते. ८५ ला कॉम्प्युटर बंद झाला नाही तेव्हाच कळलं, मग उरलेलं पटापट संपवलं. १३१ ला बंद झाला, पावणेदोन तास शिल्लक होते. माझी मैत्रीण ८५ लाच सुटली, पास झाली. माझ्या रिपोर्टमध्ये बहुतेक विषयांपुढे ‘निअर’ आहे. घरी हे एवढंच म्हणाले, “वेळ होता तर घाई का केलीस?” तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोलत नाही. चाळीस हजारांचा एक ऑनलाइन क्लास आहे, लावू का? वॉर्डात काय तोंड दाखवू?

उत्तर:

अगं, नापास झाल्याचं दुःख तू दहा ओळी लिहिलंस, आणि खरी गोष्ट चार शब्दांत उरकलीस. “मग उरलेलं पटापट संपवलं.” मी तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

८५ ला कॉम्प्युटर बंद झाला नाही तेव्हा तुला नक्की काय कळलं? त्यालाच काही कळलं नव्हतं! या परीक्षेत कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि हातात पाच तास. तुझ्या प्रत्येक उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते ठरतं. ८५ झाले की कॉम्प्युटर बघतो, ही मुलगी पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, हे ९५ टक्के खात्रीने सांगता येतंय का? येत असेल तर बंद. येत नसेल तर आणखी एक प्रश्न, मग आणखी एक. तुझ्या मैत्रिणीचं वर असणं ८५ ला स्पष्ट झालं, म्हणून ती सुटली. जिचं खाली असणं स्पष्ट होतं, तीही ८५ लाच सुटते आणि नापास होऊन घरी येते. ‘चांगल्या मुलींचा ८५ ला बंद होतो’ हे जे हॉस्टेलांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतं, त्याने किती पोरींचं नुकसान केलंय! आणि प्रश्न अवघड होत चालले होते म्हणतेस, ते तुझी उत्तरं बरोबर येत होती म्हणून.

आता हिशेब कर. पहिल्या ८५ ला दोन तास पन्नास मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला बरोबर दोन मिनिटं. नंतरच्या ४६ प्रश्नांना पंचवीस मिनिटं. एकेकाला जेमतेम अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात केसची माहिती, लॅबचे आकडे आणि ‘लागू असतील ते सर्व निवडा’ची सहा वाक्यं धड वाचूनही होत नाहीत. ८५ पर्यंत तू रेषेच्या आसपास होतीस. त्या ४६ उत्तरांनी तुला खाली नेलं.

हे मी रागावून लिहितेय असं वाटेल. रागावलेच आहे थोडी, कारण हे मी स्वतः केलंय. नोकरीचं दुसरं वर्ष, मेडिकल वॉर्ड, बत्तीस खाटा, रात्रपाळीला मी एकटी. पहाटे पाचला टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायचा असतो. तीन पेशंटनी रात्रभर बसू दिलं नव्हतं. दहाव्या खाटेपर्यंत नीट मोजलं आणि मग सगळ्यांच्या चार्टवर श्वसन मिनिटाला २० लिहून मोकळी झाले. सकाळी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेताना इन्चार्ज सिस्टर चार्ट चाळता चाळता थांबल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला हाताला धरून अकराव्या खाटेपाशी नेलं, माझं मनगट वर करून घड्याळ माझ्यासमोर धरलं. पूर्ण एक मिनिट. मग बारावी खाट, मग तेरावी. सतराव्या खाटेवरच्या आजोबांचे श्वास ३४ भरले.

त्या रात्री मला माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं. श्वास मोजता येत होते. फक्त ‘आता काय, संपलंच’ असं वाटलं होतं.

तुला तेच झालं. म्हणून क्लास लावू नकोस. ज्या मुलीच्या बहुतेक विषयांपुढे ‘निअर’ आहे, म्हणजे पासच्या रेषेजवळ, तिला पुन्हा पोटॅशियमपासून शिकवणाऱ्या क्लासची गरज नाही. ‘बिलो’, म्हणजे रेषेच्या खाली, आलेला एखादा विषय असेल तर तो तुझ्या पुस्तकातून कर. ते चाळीस हजार पुन्हा भराव्या लागणाऱ्या २०० डॉलर फीसाठी आणि परदेशी सेंटरच्या वेगळ्या शुल्कासाठी ठेव.

मधे ४५ दिवस थांबावंच लागतं. त्यात एकच गोष्ट कर. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी पूर्ण १५० प्रश्नांची एक बैठक. पाच तास, फोन दुसऱ्या खोलीत. तुकड्यातुकड्याने पंचवीस-पंचवीस सोडवून ‘आज शंभर झाले’ म्हणायचं नाही. ८५ वा झाला की उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि परत येऊन बसायचं. शहाऐंशीव्याला पुन्हा दोन मिनिटं. सेंटरवरही हेच कर. तिथे हात वर केला की ब्रेक मिळतो. तो वेळ पाच तासांतूनच जातो, पण तुझ्याकडे तर पावणेदोन तास उरले होते! तू उठली होतीस का एकदा तरी? पत्रात कुठे दिसलं नाही.

नाईट करून आलेल्या सकाळी मात्र बैठक नको. त्या दिवशी झोप.

नवऱ्याशी बोलायला लाग. त्यांचा प्रश्न तुला लागला, कारण तो नेमका होता, आणि इतक्या दिवसांत तो त्यांनीच विचारला. बाकी सगळ्यांनी ‘होतं गं असं’ म्हटलं असेल. त्यांना हे उत्तर वाचायला दे आणि बैठकीच्या वेळी घड्याळ घेऊन शेजारी बसव. मैत्रिणीला सांग, माझा पेपर होईपर्यंत परीक्षेचं बोलायचं नाही. ती मनाने चांगली असेल, पण तिचा ८५ तुझ्या डोक्यात बसलाय. वॉर्डात तोंड दाखवायचं काय, ड्युटीला जा. व्हेंटिलेटरवरचा पेशंट तुझा निकाल विचारत नाही.

पहिली बैठक या रविवारी. झाली की मला दोन आकडे कळव: पहिल्या ८५ ला किती वेळ लागला आणि उरलेल्या ६५ ला किती. बरोबर किती आले ते सध्या नको.