सीडीएन लावलं आणि जाहिराती रुसल्या

प्रश्न : माझी पाककृतींची वेबसाइट आहे. सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून ती लवकर देणारी सेवा) आणि सुरक्षा सेवा लावल्यापासून अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेच्या जाहिराती उशिरा येतात, कधी येतच नाहीत. वर ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी सापडत नाही’ असा इशाराही येतो. (साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतं, याची यादी या फाइलमध्ये असते.) ब्राउझरमध्ये मात्र ती फाइल उघडते. जाहिराती कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या प्रतींत, अडकतात का?

उत्तर : नाही. सीडीएन तुमचं पान आणि चित्रं साठवतं. जाहिराती थेट गूगलच्या सर्व्हरवरून येतात. उशिरासाठी आधी जावास्क्रिप्ट मागे ढकलणारी सोय तपासा. क्लाउडफ्लेअर या सीडीएन आणि सुरक्षा सेवेत तिला रॉकेट लोडर म्हणतात. ती बंद करा, कॅश रिकामी करा आणि इन्कॉग्निटोत पाहा. अ‍ॅडब्लॉकर बंद हवा, हे बरेच जण विसरतात!

इशाऱ्याचं दुखणं वेगळं. सुरक्षा सेवेची ‘तुम्ही माणूस आहात का’ ही तपासणी तुमचा ब्राउझर गुपचूप पार करतो. फाइल वाचायला आलेला गूगलचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) तिथेच अडतो आणि त्याला ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’ असा नकार, मिळतो. म्हणून ‘मला तर दिसते’ हा पुरावा नव्हे. सुरक्षा नोंदींत त्या फाइलचा पत्ता शोधा, कोणत्या नियमाने अडवलं ते तिथे लिहिलेलं असतं. त्या एका पत्त्यापुरती सूट द्या, अख्ख्या साइटला नको. क्लाउडफ्लेअरच्या बॉट अडवणाऱ्या मोफत ‘बॉट फाइट मोड’ला अशी सूट लागू होत नाही, अडथळा त्याचाच असेल तर तो बंदच करावा लागतो. प्रत्येक पाहुण्याची तपासणी करणारा ‘अंडर अटॅक मोड’ हल्ल्यापुरताच ठेवा.

‘सगळं कॅश करा’ असा नियम असेल, तर फाइल बदलल्यावर जुनी प्रत पुसा. इशारा जायला काही दिवस लागतात. तोवर रोज सेटिंग बदलू नका.