शारजाला निघालास? कार्ड काढ, पण पाच टक्क्यांवर खूण करू नकोस

तू दापोलीचा, जूनमध्ये शारजाला एसी मेंटेनन्सच्या नोकरीवर रुजू होणार, पगार साडेपाच हजार दिरहम. तिकडचे दोस्त सांगतात, उतरल्या उतरल्या क्रेडिट कार्ड काढून टाक. आई म्हणते, कर्जाला हात लावायचा नाही. ऐकू कोणाचं, असं विचारलंयस.

मी दुबईत चौदा वर्षं काढली, सध्या सुट्टीवर गुहागरला घरी आहे. माझं मत विचारशील तर पहिले सहा महिने आईचं ऐक. पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना जाऊ शकतो. तेवढ्या दिवसांचं बेडस्पेसचं, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचं, भाडं आणि जेवणाखाण्याचे पैसे इथूनच बांधून ने. मॉलच्या दाराशी टाय लावलेला एखादा पोरगा गाठेलच. हिंदीत गोड बोलेल, 'फ्री फॉर लाइफ' म्हणेल. फुकट असते ती फक्त वार्षिक फी.

आमच्या बाबांची आंब्याची साठेक कलमं. मोहोर यायच्या आधीच वाशीच्या दलालाकडून उचल घ्यायचे आणि मग सगळ्या पेट्या त्यालाच घालाव्या लागायच्या, दर तो सांगेल तो. हे लहानपणापासून बघत आलो, तरी 2016 च्या गणपतीला मी तेच केलं, फक्त दलालाच्या जागी बँक होती. चौघांची विमानाची तिकिटं, भावाला फोन, घरच्यांना कपडे... सगळं कार्डावर. बिल आलं दहा हजार दिरहमच्या घरात. त्यावर 'मिनिमम ड्यू', म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून पाचशेच्या आसपासचा आकडा, ठळक. मला वाटलं, पाचशेच तर आहेत, भरू हळूहळू.

आता हिशेब बघ. व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास, मिनिमम म्हणजे एकूण बाकी रकमेच्या पाच टक्के. दहा हजारांवर तीनशे व्याज चढलं की बाकी दहा हजार तीनशे. तू भरलेस पाचशे पंधरा. मुद्दल कमी झालं दोनशे पंधरा. वर्षभर नवीन काही न घेता असंच भरत राहिलास तर खिशातून साडेपाच हजार जातात आणि बाकी उरते सात हजार सातशे. मी सात महिने हे केलं. शेवटी मित्राकडून बिनव्याजी पैसे घेऊन खातं मोकळं केलं, आणि त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची ती वेगळीच.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती. पूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीपासून जास्तीत जास्त 50-55 दिवस बिनव्याजी मिळतात. एकदा बाकी ठेवलीस की ती सवलत गेली; नंतर घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा त्याच दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढलीस तर वर फीसुद्धा, म्हणून ते कधीच करायचं नाही. घरी पैसे पाठवायचे ते पगाराच्या खात्यातून.

सहा महिन्यांनी कार्ड घेशील तेव्हा एकच घे, आणि ज्या बँकेत पगार जमा होतो तिथलंच. लिमिट तीन-चार हजारांवर ठेवायला सांग, ते जास्त देऊ करतील तरी. ऑटो पेमेंटच्या, म्हणजे बिल दरमहा खात्यातून आपोआप भरलं जाण्याच्या, फॉर्मवर दोन चौकोन असतात, बिलाचे पाच टक्के आणि शंभर टक्के. सेल्समन परस्पर पाच टक्क्यांवर खूण करतो. फॉर्म स्वतः भर. 'क्रेडिट शील्ड' नावाचा विमा जोडलाय का तेही विचार. तो बाकीवर दरमहा पैसे कापतो, नको असेल तर लेखी काढून घे. सुट्टीवर इथे आलास आणि दुकानातल्या मशीनने 'दिरहम की रुपये' विचारलं तर रुपये म्हण, दिरहमचा दर ते आपल्या सोयीने लावतात.

कार्ड वेळेवर भरत गेलास तर फायदा आहे, नाही असं नाही. अल इतिहाद क्रेडिट ब्युरो, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणारी तिथली संस्था, तिच्याकडे तुझा 300 ते 900 मधला स्कोअर तयार होतो, पुढे गाडीचं कर्ज घेताना तो बघतात. फोनचं बिल थकलं तरी तिथे उमटतं. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा तिथल्या सेंट्रल बँकेचा नियम आहे. तुझ्या पगारात निम्मे म्हणजे पावणेतीन हजार. भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे धरलेस तर तेवढा हप्ता तुला झेपणारच नाही, नियमात बसला तरी.

नोकरी गेली तर? 'फायनल सेटलमेंट'चे, म्हणजे नोकरी सुटताना कंपनी देते ते, पैसे खात्यात पडले की कर्ज असलेल्याचं खातं बँक गोठवते, ग्रॅच्युइटीसकट. त्या घडीला बाकी शून्य असलेला माणूस शांतपणे पेटी भरतो. ज्यांची बाकी असते त्यातले काही रात्रीच्या विमानाने निघून येतात. आमच्या वाडीत असा एक आहे, नाव नको. दहा हजार दिरहमच्या वर थकलं तर बँक न्यायालयाकडे प्रवासबंदी मागू शकते, म्हणजे विमानतळावरच अडकायची भीती. आणि गाव गाठलं म्हणून सुटला असंही नाही. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेपासून यूएईच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली आपल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो. रत्नागिरीतसुद्धा. अडचण आलीच तर आधी बँकेत जाऊन हप्ते लांबवून मागायचे. कर्ज घेताना कोरा चेक दिला असेल तर तो कुठल्या बँकेकडे पडलाय हे वहीत लिहून ठेव, आणि कर्ज फिटल्यावर परत घे.

आईला हे सगळं सांगू नकोस, घाबरेल. नुसतं म्हण की सहा महिने कार्ड काढत नाही. मी 12 तारखेला परत जातोय. तू उतरलास की फोन कर, बँकेत जाताना बरोबर येईन. आणि ते फॉर्म माझ्यासमोर भर.